हे कुणासाठी?

श्रावण जवळ आला की आमच्या भागातील स्टेशनरीच्या दुकानांत दर्शनी बाजूला प्लास्टिकच्या पाकिटांची एक माळ लटकू लागते. प्रत्येक पाकिटात राखीचे सर्व साहित्य मोजून भरलेले असते: आधीच गोल कापलेले रंगीत तुकडे, मागे चिकटपट्टी असलेल्या टिकल्या, हातभर दोरा आणि वर पूर्ण झालेल्या राखीचे छायाचित्र. मुलाने छायाचित्राकडे पाहत एकावर एक तुकडे चिकटवायचे, की दहा मिनिटांत राखी तयार होते. पालकांची सोय होते, घरात पसारा होत नाही आणि राखीही देखणी दिसते, हे सगळे मान्य करूनही मला ही पाकिटे आवडत नाहीत. राखी कोणत्या रंगाची असावी, केवढी असावी, तिच्यावर काय असावे हे सर्व निर्णय पाकीट भरणाऱ्याने आधीच घेतलेले असतात आणि मुलाकडे चिकटवण्याची मजुरी तेवढी उरते. ज्याच्या हातावर राखी बांधायची, त्या भावाचा विचार या व्यवहारात कोणालाच करावा लागत नाही.

मी प्राथमिक शाळेत कार्यानुभवाचे तास घेत असे. कागद वाटण्यापूर्वी वर्गाला एक प्रश्न विचारायचा, असा माझा शिरस्ता होता: हे कुणासाठी? पहिल्या-पहिल्या तासांना उत्तर ठरलेले असे. काही मुले ‘बाईंसाठी’ म्हणत, काही ‘फळ्यावर लावायला’ म्हणत आणि एखादा प्रामाणिक मुलगा ‘परीक्षेसाठी’ म्हणून मोकळा होई. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता, कारण शाळेत केलेली वस्तू शाळेसाठीच असते हे आपणच त्यांना शिकवलेले असते. मग मी कागद हातात न देता थांबत असे. एखादे नाव ठरल्याशिवाय कागद मिळणार नाही हे एकदा कळले, की वर्गात निराळ्याच प्रकारची शांतता पसरे आणि मुले खिडकीबाहेर बघत विचार करू लागत. एरवी खिडकीबाहेर बघण्याबद्दल त्यांना बोलणी बसत असत.

नाव ठरले की वस्तू सुचायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. एका मुलाने आजोबांचे नाव सांगितले. आजोबांना काय आवडते, असे विचारल्यावर त्याला काही सांगता येईना. पण आजोबा दिवसभर काय करतात, असे विचारताच त्याने ताबडतोब सांगितले की ते चष्मा शोधतात. त्याने जुन्या विजारीच्या पायाचा तुकडा कापून धावदोऱ्याने चष्म्याची पिशवी शिवली. टाके बोटभर लांबीचे होते आणि एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरली होती. मात्र पिशवीला वर एक लांब नाडी होती. ती कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, खुंटीला अडकवायला, म्हणजे पिशवी हरवणार नाही. एका मुलीची आई मंडईत भाजी विकत असे. त्या मुलीने आईसाठी कार्डशीटच्या भावाच्या पाट्या केल्या. प्रत्येक पाटीवर मेथी, कोथिंबीर, वांगे असे चित्र होते आणि भाजीवर सारखे पाणी शिंपडतात म्हणून तिने सगळ्या पाट्यांवर मेणबत्ती घासली होती. भाव रोज बदलतो, तेव्हा आकड्याच्या जागी काळ्या कागदाचा चौकोन चिकटवून तो तेवढा बिनमेणाचा ठेवला होता, कारण तिथे खडूने लिहायचे होते. आठ वर्षांच्या मुलीला हे मी शिकवू शकले नसते. आईचा दिवस तिने जवळून पाहिलेला होता आणि पाट्यांची सगळी रचना तिथून आलेली होती.

प्रेम दाखवण्यासाठी मुलांना काय करायला द्यावे, असे मला पालक नेहमी विचारतात. वस्तूंची यादी मोठी आहे आणि तीत नवे काही नाही. आपल्याकडे प्रत्येक सणाच्या आगेमागे मुलांच्या हातांना काम असतेच. त्यांतल्या त्यात राखीबद्दल मी अधिक लिहीन, कारण ती बनवताना मोजमाप घ्यावे लागते.

रेशमी दोऱ्याच्या दोन-तीन रंगांच्या लड्या आणाव्यात. कृत्रिम रेशीम चालते, किंबहुना मुलांच्या हाताला तेच सोपे जाते. डाव्या हाताची चार बोटे जुळवून त्यांच्याभोवती दोऱ्याचे तीस-चाळीस वेढे घ्यावेत, अलगद काढून मधोमध दुसऱ्या मजबूत दोऱ्याने करकचून गाठ मारावी आणि दोन्हीकडची वेटोळी कात्रीने कापावीत. आता हातात राहतो तो एक गबाळा झुपका. यानंतर दात घासण्याचा जुना, कोरडा ब्रश घ्यायचा आणि झुपका एका हाताने पाटीवर दाबून धरून मधून बाहेरच्या दिशेने घासायचा. दोऱ्याचा पीळ सुटतो, तंतू मोकळे होतात आणि पाहता पाहता त्या झुपक्याचा मऊ, फुगीर गोंडा होतो. हा क्षण मी अनेक वर्गांत पाहिला आहे आणि प्रत्येक वर्गात मुलांच्या तोंडून एकच आवाज निघतो. मग कडा गोल कापायच्या, मध्ये स्पंजची चकती किंवा टिकली चिकटवायची आणि खाली बांधण्यासाठी तीन रंगांच्या दोऱ्यांची तिपेडी वेणी घालायची. वेणी घालताना दोऱ्याचे एक टोक दाराच्या कडीला बांधावे किंवा शेजाऱ्याच्या हातात द्यावे लागते, त्यामुळे हे काम एकट्याने होत नाही.

वेणी किती लांब घालायची, इथे खरा प्रश्न येतो. भाऊ पाळण्यात असेल तर त्याचे मनगट दोन बोटांत मावते आणि मामेभाऊ पैलवानकी करत असेल तर हातभर दोराही अपुरा पडतो. मुली घरी जाऊन भावाचे मनगट दोऱ्याने मोजून आणत, तेही त्याला कळू न देता, तो झोपलेला असताना. एवढे मोजमाप झाल्यावर राखीच्या रंगाचा निर्णयही आपोआप त्याच्याच आवडीने होई. ज्यांना भाऊ नव्हता त्या मुली बहिणीसाठी, मैत्रिणीसाठी किंवा शाळेतल्या मावशींसाठी राखी करत. वर्गातले मुलगेही गोंडे घासत, कारण ब्रश घासण्याची मौज सोडायला कोणीच तयार नसे. राखी करणे हे मुलींचे काम आहे, असे आपल्याकडे कोणी ठरवले असेल त्याने वर्गातले मुलगे पाहिलेले नसावेत.

पिंपळाच्या जाळीदार पानाला याहून अधिक सबुरी लागते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली, न किडलेली पाने तोडून एका भांड्यात पाण्यात बुडवून ठेवायची आणि अधूनमधून पाणी बदलायचे. दोन-चार आठवड्यांत पानाचा हिरवा गर कुजतो. वास येतो, याची घरातील वडीलधाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी. मग पान तळहातावर घेऊन वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हलक्या हाताने गर काढला की शिरांची नाजूक जाळी तेवढी उरते. ती वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवायची आणि हवे तर तिच्यावर रंगाने नाव लिहायचे. पुस्तकातली खूण म्हणून हे पान वर्षानुवर्षे टिकते. पाचांपैकी दोन पाने घासताना फाटतात, म्हणून ज्याला एक द्यायचे त्याच्यासाठी पाच भिजवावीत. आज लावले आणि उद्या दिले, असे इथे होत नाही. ज्याच्यासाठी पान भिजत घातले त्याची आठवण मुलाला महिनाभर, पाणी बदलण्याच्या निमित्ताने, ठेवावी लागते.

भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे, दोरा रंगात बुडवून कागदाच्या घडीतून ओढून काढलेली चित्रे, कंगव्यावर ब्रश घासून उडवलेले रंगाचे शिंतोडे, घोटीव कागदाला चिरा पाडून केलेला छोटा कंदील, ही सर्व कामे सोपी आहेत आणि बहुतेक घरांत ठाऊक असतात, म्हणून त्यांची कृती इथे देत बसत नाही. घडीकामाविषयी मात्र एक सांगायला हवे. डॉ. अनिल अवचटांना ओरिगामीचा छंद होता आणि समोर मूल दिसले की कागदाची घडी घालून ते काहीतरी करून देत. फेव्हिकॉल नाही, कात्री नाही, पसारा नाही. समोरच्या माणसासाठी, त्याच्यासमोर, त्याच्याशी बोलता बोलता वस्तू तयार होते. बसच्या तिकिटाचा पक्षी करून शेजारी बसलेल्या रडक्या बाळाला देणारे मूल मी पाहिले आहे, आणि ते कोणत्याही वर्गात शिकून आलेले नव्हते.

आता मुलांच्या वस्तूंमधल्या ‘चुकां’कडे वळते. आईसाठी केलेल्या भेटकार्डावर आईचे डोके झाडापेक्षा मोठे असते, बाबांना पाच बोटांऐवजी आठ असतात, लहान भाऊ कोपऱ्यात मुंगीएवढा असतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे कलाशिक्षक. व्हिएन्नामध्ये अंध मुलांना शिकवून नंतर ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मुलांच्या चित्रकलेच्या वयानुसार येणाऱ्या पायऱ्या मांडल्या. साधारण सात ते नऊ या वयातले मूल जे त्याला महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते आणि जे वाटत नाही ते लहान काढते किंवा गाळतेच, हे त्यांचे निरीक्षण आहे. हे कळल्यावर आईच्या डोक्याचा आकार ‘सुधारण्या’चा उत्साह मावळायला हवा. प्रत्यक्षात घरोघरी काय होते? मूल कार्ड करत असते, शेजारी बसलेले मोठे माणूस आधी पट्टीने समास आखून देते, मग अक्षर किरटे आले म्हणून शीर्षक स्वतः लिहिते आणि शेवटी चमकी सांडेल म्हणून तीही स्वतःच लावते. कार्ड सुबक होते. ज्या आजीला ते द्यायचे तिला मात्र ते नातवाचे आहे की सुनेचे, हे एका नजरेत कळते आणि ती दोघांचेही कौतुक करून मोकळी होते.

मोठ्यांनी काय करावे, असे कोणी विचारलेच तर माझे उत्तर छोटे आहे. साहित्य आणून ठेवावे, धारदार कात्री आणि सुई वापरताना जवळ बसावे, गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ शिजवून द्यावी आणि चिकटवलेली वस्तू वाळेपर्यंत कोणाला हात लावू देऊ नये. खळ घरी शिजवण्याचा आग्रह मी आजही धरते. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की ती पारदर्शक होते, हे मुलांना पाहायला आवडते आणि ती बोटाने लावता येते. पुस्तकबांधणी करणारे तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत अजिबात घालू नये. आपली खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

हाताच्या कामाला आपल्या शिक्षणविचारात जागा नव्हती असे नाही. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. त्या योजनेत मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्च काही प्रमाणात निघावा अशीही अपेक्षा होती. हा भाग मला कधीच पटला नाही, कारण विक्रीला काढायची वस्तू म्हटले की तिच्यावर बाजाराची नजर येते आणि वाकड्या टाक्यांना जागा उरत नाही. सेवाग्रामला १९४४पासून अनेक वर्षे कलाशिक्षक असलेल्या देवीप्रसाद यांनी त्याच परिसरात मुलांच्या चित्रांना आणि मातीकामाला मोकळीक दिली, ही गोष्ट मला जवळची वाटते. आणि त्याच परंपरेतला एक रिवाज मला मनापासून आवडतो: पाहुण्यांना फुलांऐवजी स्वतः कातलेल्या सुताचा हार घालायचा. टकळीवर काढलेले सूत कुठे जाड, कुठे बारीक असे येते आणि हार गळ्यात पडला की पाहुणा ते बोटांनी चाचपून पाहतोच.

स्वतः गांधीजींनी १९४७च्या नोव्हेंबरमध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहासाठी जी भेट पाठवली, ती त्यांनी कातलेल्या सुताची विणलेली होती आणि तिच्या मध्यभागी ‘जय हिंद’ अशी अक्षरे होती. वधूची आजी राणी मेरी यांना ती वस्तू पंचा वाटली आणि त्या नाराज झाल्या, अशी हकीकत सांगितली जाते. तो कपडा आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. या हकीकतीत मला रस आहे तो घेणाऱ्याच्या बाजूने. हाताने केलेली वस्तू ओळखायला घेणाऱ्यालाही थोडे कष्ट पडतात, आणि राणी मेरींना जे जमले नाही ते आपल्या घरातल्या काका-मामांनाही पुष्कळदा जमत नाही. मूल मोठ्या अपेक्षेने काहीतरी हातात देते आणि समोरचा विचारतो, ‘हे काय आहे?’ त्याऐवजी ‘हे कसं केलंस?’ असे विचारले तर मूल सुरुवातीपासून सगळे सांगते आणि ते काय आहे तेही त्यातच कळते.

मातृदिनाच्या कार्डांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत १९०८ साली ॲना जार्विस या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ हा दिवस सुरू केला आणि १९१४मध्ये तो तिथे राष्ट्रीय स्तरावर मान्य झाला. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि कार्डे छापणारे त्यावर तुटून पडले, तेव्हा त्याच बाई उरलेले आयुष्य या बाजाराविरुद्ध भांडत राहिल्या. आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे सोडून छापील कार्ड विकत आणणे त्यांना मुळीच खपत नसे. आपल्याकडे मे महिन्यातला हा दिवस शाळा बंद असताना येतो, त्यामुळे शाळेत कार्डे करून घ्यायची झाली तर ती परीक्षेच्या गडबडीत, एकाच नमुन्याची करून घेतली जातात. मला त्यापेक्षा श्रावणातली पिठोरी अमावस्या सोयीची वाटते. आई वाण डोक्यावरून मागे देत ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणत ते घेते. त्याच दिवशी पोळा असतो, घरात माती कालवलेली असते, मुले बैल करत बसलेली असतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात. त्या गडबडीत एखादा मातीचा बैल आईच्या नावाने व्हायला काही हरकत नसते. वर्गात मी हे सुचवले तेव्हा एका मुलाने बैलाऐवजी शिलाई मशीन केले, कारण त्याची आई शिवणकाम करत असे. मशीनला शिंगे मात्र ठेवली होती, पोळा होता म्हणून.

गुण आणि प्रदर्शन या दोन गोष्टींनी या कामाचे सर्वांत अधिक नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. गुण द्यायचे म्हटले की वस्तू शिक्षकासाठी होते, प्रदर्शन म्हटले की पालक रात्री जागून थर्माकोलचे देऊळ करतात आणि मूल ते सकाळी रिक्षातून सांभाळत आणते. मी काही वेळा मुलांच्या वस्तू वर्गात ठेवूनच घेत नसे. तास संपला की दप्तरातून घरी, असा नियम होता. तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायला माझ्याकडे काही नसे, आणि त्यावरून मला अधूनमधून ऐकून घ्यावे लागे. घरी गेलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले याचा हिशेब कोणी ठेवू शकत नाही. चष्म्याची ती पिशवी खुंटीला लागली, हे आजोबांनी स्वतः शाळेत येऊन सांगितले. पुष्कळ वस्तू आठवडाभरात मोडल्या असतील, केरात गेल्या असतील. त्याचेही फार वाईट वाटून घेऊ नये. मुलाला स्वतःला पुढच्या वर्षी ती नकोशी वाटू शकते, आणि घरातल्या कपाटांना सीमा असते.

परदेशी असलेल्या नातलगांसाठी काही करायचे असेल तर टपालाचा विचार आधी करावा लागतो. राखीपौर्णिमेच्या सुमारास टपाल खाते पावसात न भिजणारे राखीचे खास लिफाफे विक्रीला ठेवते, पण ते पातळ असतात आणि गोंड्याची फुगीर राखी त्यांत बसत नाही. दाबून बसवली तर पोचेपर्यंत तिची चपटी पुरी होते. म्हणून परदेशी पाठवायच्या राखीसाठी मी चपटी नक्षी सुचवत असे: कार्डशीटची चकती, तिच्यावर दोऱ्याची गुंडाळी किंवा जाळीच्या पानाचा तुकडा. चौथीतल्या एका मुलीचा चुलतभाऊ शिकायला जर्मनीला गेलेला होता. तिने माझी चपटी राखी साफ नाकारली, कारण दादाला दरवर्षी गोंड्याचीच राखी लागते, असे तिचे म्हणणे होते. दोन दिवस विचार करून तिने आपला मार्ग काढला. झुपका बांधला, कापला, पण घासला नाही. तो सपाट करून वेणीसह लिफाफ्यात घातला आणि सोबत वहीच्या पानावर पेन्सिलीने कृती लिहिली: पाटीवर किंवा ताटावर दाबून धर, मधून बाहेर घास, गोंडा फुगेपर्यंत थांबू नकोस, ब्रश जुना घे, तुझ्याकडे नसेल तर मित्राचा माग.